६२ एच७ बोअरचं बेअरिंग हाउसिंग व्हीएमसीवर बसवताना: प्रकल्प नोंदी

जागा शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. मशीन बीटी४० स्पिंडलचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन), कंट्रोल फॅनुक ०आय. जॉब बिडाचं फ्लँज बेअरिंग हाउसिंग, मटेरियल एफजी २६०, कास्टिंगचं वजन साडेसहा किलोच्या आसपास. बेअरिंग ६२०६ बसतं, म्हणून बोअर ६२ एच७ (एच७ ही टॉलरन्सची श्रेणी), म्हणजे व्यास ६२.००० ते ६२.०३० मिमी. पुढचीही मापं मिमीमध्ये. बोअरची खोली १७, त्याखाली ५२ चं आरपार भोक कास्टिंगमध्येच आहे. वरच्या तोंडावर ८५ पीसीडीवर (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या ८५ व्यासाच्या वर्तुळावर) एम१० चे चार टॅप, म्हणजे आट्यांची भोकं. खालचा फेस, १० एच७ ची दोन डॉवेल भोकं (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) आणि १३.५ ची चार भोकं पहिल्या सेटिंगमध्ये होतात. या नोंदी दुसऱ्या सेटिंगच्या आहेत: डॉवेलवर बसवून वरचा फेस, बोअर आणि टॅप. ऑर्डर ३०० नगांची. फिक्श्चरवर (जॉब धरायच्या साच्यावर) एका वेळी दोन नग, त्यांचे शून्य, म्हणजे वर्क ऑफसेट, जी५४ आणि जी५५.

असाच जॉब कुणी घेणार असेल तर १० डिसेंबरची नोंद आधी वाचावी. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

२ डिसेंबर. फिक्श्चर बसवणं

फिक्श्चर टेबलवर ठेवून सहाही रेस्ट पॅडवर डायल फिरवला. एका टोकाच्या पॅडपासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.०६ चा फरक. पॅड ग्राइंड केलेले होते, त्यामुळे शंका टेबलवर. फिक्श्चर उचललं तर टी-स्लॉटच्या कडेला जुन्या जॉबचा उठलेला बर (धातूचा कंगोरा) दिसला. बोटाला लागत नव्हता, ऑइल स्टोन फिरवल्यावर चकाकून वर आला. स्टोन मारला, टेबल आणि बेस प्लेट दोन्ही पुसून पुन्हा बसवलं. फरक ०.०१ वर आला. पॅडखाली शिम (पातळ पत्रा) घालून हा फरक लपवता आला असता, पण पुढच्या वेळी फिक्श्चर दुसऱ्या जागी बसलं की तीच शिम उलटी नडते.

साइड रेफरन्स एक्स दिशेत ३०० मिमीला ०.०१ मध्ये डायल केला.

डॉवेलपैकी एक पिन गोल, दुसरी डायमंड. डायमंड पिनची लांब बाजू दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असायला हवी. इथे ती ९० अंशांनी फिरलेली होती. अशी पिन सेंटर अंतरातला फरक सामावून घेत नाही, जॉब अडकतो आणि ऑपरेटर हातोडीने ठोकून बसवतो. ठोकलेला जॉब पॅडवर टेकलाच याची खात्री नसते. पिन फिरवून मागून ग्रब स्क्रूने लॉक केली.

ऑफसेट कास्टिंगवरून घेतला नाही. फिक्श्चरवर बोअरच्या सेंटरला २५ ची हार्ड बुश बसवलेली आहे, तिच्यात सेंटर डायल फिरवून जी५४ आणि जी५५ दोन्ही घेतले. कास्टिंगचा कोअर सरकलेला असतो, त्याचं सेंटर धरलं तर प्रत्येक नगाला वेगळा शून्य मिळतो.

वेळ: साडेचार तास. यातला दीड तास त्या बरचा.

४ डिसेंबर. प्रोग्रॅम आणि ड्राय रन

टूल: टी०१ फेस मिल ६३ (४५ अंशांची, ५ इन्सर्ट), टी०२ इंडेक्सेबल एंड मिल २५, टी०४ फाइन बोअरिंग हेड, टी०५ स्पॉट ड्रिल, टी०६ ड्रिल ८.५, टी०७ टॅप एम१०. टी०३ ची जागा रिकामी ठेवली, ती पुढे कामाला आली.

प्रत्येक टूलच्या सुरुवातीला तीच सुरक्षित ओळ:

जी२१ जी१७ जी४० जी४९ जी८० जी९० जी९४

ही ओळ वरवर जास्तीची वाटते. पण मध्येच रिसेट मारून एखाद्या टूलपासून प्रोग्रॅम सुरू केला की आधीच्या टूलचं काय काय चालू राहिलंय हे कुणाला आठवत नाही. त्या वेळी हीच ओळ वाचवते.

टूल नंबर, एच नंबर (टूलच्या लांबीचा ऑफसेट) आणि डी नंबर (टूलच्या व्यासाचा ऑफसेट) एकच ठेवले. टी०६ ला एच०६, टी०२ ला एच०२ आणि डी०२. दुसरा कुठलाही हिशेब शॉपमध्ये चालवू नये. टी०६ ला चुकून एच०५ लागला आणि स्पॉट ड्रिल बुटकं असेल, तर ड्रिल रॅपिडमध्ये थेट जॉबमध्ये घुसतं.

ड्राय रनसाठी वर्क ऑफसेटच्या पानावर सगळ्यात वरच्या एक्सटर्नल ऑफसेटमध्ये झेडला १०० टाकलं, सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्के. चारपैकी एक भोक बोअरच्या मधोमध जात होतं. पोझिशनच्या पानावर वाय ४२.५ च्या जागी ०.४२५ दिसत होता. प्रोग्रॅममध्ये वाय४२.५ ऐवजी वाय४२५ टाइप झालं होतं. पॅरामीटर ३४०१ चा शून्यावा बिट ० असेल तर फॅनुक दशांश चिन्ह नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरतो: एक्स५० म्हणजे ०.०५० मिमी, एक्स५०. म्हणजे ५० मिमी. हा बिट १ करून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्याच मशीनवर मायक्रॉनच्या हिशेबाने लिहिलेले जुने प्रोग्रॅम असतील तर ते हजारपट लांब जातात. प्रोग्रॅम भरल्यावर टिंब तपासायचं, एवढंच.

ड्राय रन झाल्यावर एक्सटर्नल ऑफसेटमधले १०० काढल्याची नोंद सेटिंग शीटवर सहीसह ठेवली. ते राहिले तर टूल हवेत फिरतं, त्याने नुकसान नाही. पण काढताना कुणी वजा १०० टाकले तर स्पिंडलच जातं.

५ डिसेंबर. फेसिंग आणि कास्टिंगचा त्रास

एस९००, एफ९००, म्हणजे कटिंग स्पीड साधारण १८० मीटर आणि दर दाताला ०.२. कूलंट बंद. बिडावर कार्बाइडने फेसिंग करताना कूलंट मारलं की इन्सर्ट गरम-थंड होत राहतो, धारेला काटकोनात बारीक भेगा पडतात आणि चुरा चिखल होऊन टेलिस्कोपिक कव्हरमध्ये जातो.

अलाउन्स (कापून काढायचं मटेरियल) ३ मिमीचा. पहिला पास ०.५ आणि दुसरा २.५ असं ठेवलं होतं. चौथ्या नगाला इन्सर्ट संपले. कास्टिंगच्या कातड्यात वाळू असते, ०.५ च्या पासमध्ये धार पूर्ण वेळ त्या वाळूतच घासत राहते. उलटं केलं: पहिला पास २.६, धार कातड्याखाली चांगल्या धातूत, दुसरा ०.४. इन्सर्टच्या एका बाजूला ३० ते ३५ नग यायला लागले.

तरी काही नगांवर टूल एका कोपऱ्याशी आलं की आवाज बदलून कर्कश होत होता आणि इन्सर्टचा टवका उडत होता. त्या कोपऱ्यावर हार्डनेस २५५ बीएचएन (ब्रिनेल), मध्यभागी २०० च्या आसपास. फ्लँजचा तो भाग पातळ आहे, साच्यात लवकर थंड होतो आणि तिथे चिल (कडक थर) बसतो. स्पीड कमी करून यावर इलाज होत नाही, कटिंग डेटा बदलत बसण्यात अर्थ नाही. ११ कास्टिंग वेगळी काढून मोजमापासह फाउंड्रीला परत पाठवली. पुढच्या हीटचे (भट्टीच्या घाण्याचे) नग पाठवताना त्या कोपऱ्याचं रीडिंग सोबत द्यायचं ठरलं.

काठ तुटण्याबद्दल: बीड लवचिक नाही, टूल बाहेर पडताना कडेचा तुकडा पाडतं. म्हणूनच ९० अंशांची मिल न वापरता ४५ अंशांची घेतली. त्यावरही टवके दिसले तर बाहेर पडण्याच्या शेवटच्या १० मिमीला फीड निम्मी करावी.

खर्च: ६ इन्सर्ट, प्रत्येकी ३८० रुपये. शिवाय मशीनचे तीन तास गेले, दर तासाला ५०० रुपये धरला.

७ डिसेंबर. बोअर एंड मिलने फिनिश होत नाही

पहिला बेत असा होता की टी०२ ने गोल फिरवून ६१.५ रफ करायचं आणि त्याच जातीच्या वेगळ्या टूलने ६२ फिनिश. बोअरिंग हेड वाचतं. बोअर डायलने चार दिशांना मापलं तर ०.०२२ चं अंडाकार, आणि एक्स व वाय अक्ष जिथे दिशा बदलतात तिथे नखाला लागणारी बारीक पायरी. बॅकलॅशची (दिशा उलटताना वाया जाणाऱ्या हालचालीची) खूण अशीच असते.

टेबलला डायल लावून हँडव्हीलने ०.०१ च्या पायरीने एका दिशेने नेलं, मग उलटं फिरवलं. एक्समध्ये ०.००४ वाया जातात, वायमध्ये ०.०१५. पॅरामीटर १८५१ मध्ये आकडा वाढवून हे दोन मिनिटांत झाकता येतं. आधी यांत्रिक बाजू पाहिली: वायच्या बॉलस्क्रूच्या टोकाला थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट सैल होता. तो आवळून, लॉक स्क्रू बसवून पुन्हा मापलं तर ०.००६. एवढ्यासाठी मग १८५१ लावला. सैल नटवर कॉम्पेन्सेशन चढवलं असतं तर आठवड्याने नट आणखी सुटला असता आणि कॉम्पेन्सेशनचा आकडाही खोटा ठरला असता.

अंडाकार ०.०१० पर्यंत उतरलं. ०.०३० च्या टॉलरन्समध्ये एक तृतीयांश इथेच संपतो, टूलच्या झिजेला आणि मापाच्या फरकाला जागा उरत नाही. फिनिश बोअरिंग हेडनेच करायचं ठरलं.

९ डिसेंबर. जी७६ आणि बोअरमधली रेघ

फाइन बोअरिंग: एस७७०, एफ६२ (फेऱ्याला ०.०८), बाजूला ०.२५ मटेरियल.

जी९९ जी७६ झेड-१६.९५ आर३. क्यू०.२ एफ६२

खोली १७ असताना १६.९५ का? खांद्याचा फेस टी०२ ने १७.०५ वर आधीच होतो. बोअरिंग बार तळाला टेकला की थरथरतो आणि शेवटच्या मिलिमीटरला बोअर मोठं होतं. तळाशी ०.१ उंचीची बारीक पायरी राहते, पण ६२०६ च्या बाहेरच्या कडेला १ मिमीची गोलाई असते, बेअरिंगला ती पायरी लागत नाही.

पहिल्या नगात बोअरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सरळ, खोल रेघ. जी७६ मध्ये तळाशी स्पिंडल ठरावीक कोनात थांबतं, बार ०.२ बाजूला सरकतो आणि मग वर येतो. टिप भिंतीपासून दूर जाण्याऐवजी भिंतीत घुसली तर अशी रेघ पडते. सरकण्याची दिशा पॅरामीटर ५१४८ मध्ये असते. ती बरोबर होती: एमडीआयमध्ये (हाताने एकच ओळ देऊन) एम१९, म्हणजे स्पिंडल ठरावीक कोनात थांबवायचा आदेश, देऊन टिप कुठे बघते ते पाहून लावली होती.

दोष होल्डर बसवण्यात होता. बीटी४० ला दोन खाचा असतात आणि दोन्ही सारख्या. होल्डर हाताने मॅगझीनमध्ये भरताना १८० अंश उलटाही तितक्याच सहज बसतो. उलटा बसला की टिपही उलटी. होल्डरच्या एका खाचेला आणि मॅगझीनच्या पॉटला पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. त्यावरही विसंबायचं नाही: हेड काढून परत लावलं की एम१९ देऊन टिप डोळ्यांनी पाहायची, हे सेटिंग शीटवर लिहिलं. होल्डरच्या दोन खाचांपैकी एक थोडी उथळ असते अशा जाती मिळतात, पण शॉपमधल्या सगळ्या हेडना तसं नसतं.

दुसरी काळजी क्यूची. तो मोडल असतो, म्हणजे एकदा दिला की बदलेपर्यंत चालू राहतो. जी८३ मध्ये (टप्प्याटप्प्याने ड्रिलिंगच्या सायकलमध्ये) क्यू म्हणजे पेकची, म्हणजे एका टप्प्याची, खोली, जी७६ मध्ये सरकण्याचं अंतर. म्हणून प्रत्येक जी७६ मध्ये क्यू स्वतः लिहायचा आणि आधीच्या सायकलनंतर जी८० (सायकल बंद) द्यायचं. जी८३ चे ५ मिमी चुकून जी७६ ला लागले तर बारची पाठ समोरच्या भिंतीवर आपटते.

हेडचं माप वाढवताना: डायलची एक रेघ व्यासात ०.०१. कमी करायचं असेल तर अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे आणत रेघेवर थांबायचं, नाहीतर स्क्रूची ढिलाई मापात येते. लॉक स्क्रू आवळला की माप साधारण ०.००५ ने हलतं, म्हणून आवळल्यानंतरच्या मापावरच विश्वास ठेवायचा.

एक नग रिजेक्ट. कास्टिंग ७०० रुपये.

१० डिसेंबर. मशीनवर गोल, खाली उतरल्यावर अंडाकार

मशीनवर क्लॅम्प लावलेल्या स्थितीत बोअर ६२.०१२ ते ६२.०१५, चारही दिशांना. जॉब खाली काढून पुसून, गार होऊ देऊन मापला: एका दिशेला ६२.००४, त्याच्या काटकोनात ६२.०२८. पुढचा नग ६१.९९६ आणि ६२.०३४. म्हणजे एका दिशेला बोअर टॉलरन्सपेक्षा मोठं, दुसऱ्या दिशेला लहान.

ही गोष्ट जॉब उतरवून मापल्याशिवाय कळतच नाही. मशीनवर माप घेऊन हेड ०.०१ वाढवत किंवा घटवत राहिलं तर दिवसभर आकडे इकडून तिकडे फिरतात आणि रिजेक्शन तेवढंच राहतं.

दोष शोधण्याची रीत: फिनिश झालेला जॉब क्लॅम्पमध्येच ठेवला. स्पिंडलला मॅग्नेट बेसची दांडी लावून लिव्हर डायलचं टोक बोअरच्या भिंतीला टेकवलं. मग तीन नटपैकी एकेक नट पाऊण फेरा सैल करत काटा पाहिला. पहिला सैल केला, काटा ०.००३ हलला. तो परत आवळून तिसरा सैल केला, तितकाच. दुसरा नट सुटायला लागला तसा काटा सावकाश सरकत ०.०११ वर जाऊन थांबला. पुन्हा आवळला, काटा माघारी. दुसऱ्या क्लॅम्पखाली जॉब वाकत होता यात शंका राहिली नाही.

त्या क्लॅम्पची पट्टी कास्टिंगच्या रिबला अडत असल्याने कुणीतरी ती आत सरकवून बसवली होती. दाब रेस्ट पॅडच्या बरोबर वर न पडता १८ मिमी आत, बोअरच्या बाजूला पडत होता. पॅड आणि क्लॅम्प यांच्यामधला फ्लँज तेवढा वाकतो, वाकलेल्या स्थितीत बोअर गोल कापलं जातं, आणि क्लॅम्प सुटला की फ्लँज सरळ होतो पण बोअर वाकडं होतं. त्यात नट लांब पान्याने, दांडीला पाइप घालून आवळले जात होते.

दुरुस्ती तीन भागांत झाली.

क्लॅम्प पट्टीला रिबसाठी १२ मिमीची खाच मिल केली, टोक नेमकं पॅडच्या वर आणलं. पट्टीच्या मागचा टेकू २ मिमी उंच केला, म्हणजे पट्टी जॉबच्या बाजूला किंचित उतरती राहते आणि टोकावर दाब पडतो.

पाइप बंद. टॉर्क रेंच: फेसिंग आणि रफिंगला २५ न्यूटन-मीटर.

फाइन बोअरिंगच्या आधी एम०० (प्रोग्रॅम थांबवायचा आदेश). स्पिंडल थांबतं, ऑपरेटर एका वेळी एकच नट सैल करून १२ न्यूटन-मीटरवर पुन्हा आवळतो, मग पुढचा. तिन्ही एकदम सैल केले तर जॉब पॅडवरून सुटतो आणि खाली चुरा शिरतो. ०.२५ च्या फिनिश पासला कटिंगचा जोर एवढा कमी असतो की १२ पुरतात, बाजूला सरकणं डॉवेल धरतात.

यानंतर खाली उतरवलेल्या नगांचं अंडाकार ०.००६ पर्यंत. १०-१२ नग लागोपाठ मापून मगच पुढे गेलो.

एम०० मुळे दर नगाला ४० सेकंद वाढले. हे काढून टाकायचं असेल तर हायड्रॉलिक क्लॅम्प आणि दोन दाबांची व्यवस्था लागेल. ३०० नगांच्या ऑर्डरला तो खर्च परवडत नाही, दर महिन्याची ऑर्डर असेल तर नक्की करावा.

रिजेक्ट ४ नग, अधिक जवळपास पूर्ण शिफ्ट.

१२ डिसेंबर. टॅप तुटणं

एकाच शिफ्टमध्ये दोन टॅप जॉबमध्ये तुटले. कारणं वेगवेगळी, त्यामुळे पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडला नाही.

पहिला: बंद भोक, ड्रिल २७ खोल, टॅप झेड-२५. बिडाचा चुरा भुकटीसारखा असतो, लांब चिप होऊन वर येत नाही. तळाच्या २ मिमीत भुकटी दाबून बसली आणि टॅप तिच्यावर आपटला. शिवाय लावलेला टॅप स्टीलच्या जॉबचा स्पायरल फ्लूट होता. बदल: ड्रिल ३० खोल, सरळ फ्लूटचा टॅप, आणि टॅपआधी एअर ब्लो. ड्रॉइंगला पूर्ण आटे २० मिमी हवेत, टॅपच्या टोकाचा निमुळता भाग ४ धरला तर २५ पुरतात.

दुसरा: ऑपरेटरने आवाज कमी करायला एस५०० चं एस४०० केलं, एफ७५० तसंच राहिलं. रिजिड टॅपिंगमध्ये पिच म्हणजे फीड भागिले आरपीएम. ७५० भागिले ५०० म्हणजे १.५, पण ७५० भागिले ४०० म्हणजे १.८७५. एम१० च्या टॅपला १.८७५ ने ओढलं तर एक तर तो तुटतो, नाहीतर आटे सोलून निघतात. आता असं लिहिलं आहे:

एम२९ एस५००
जी९५ जी९९ जी८४ झेड-२५. आर५. एफ१.५
जी८० जी९४

जी९५ मध्ये एफ म्हणजे सरळ पिच, एस काहीही करा. शेवटचा जी९४ विसरला तर पुढच्या टूलला एफ९०० म्हणजे फेऱ्याला ९०० मिमी असा अर्थ लागतो. सुरक्षित ओळीत जी९४ ठेवण्याचं कारण हेच.

एम२९ (रिजिड टॅपिंगचा आदेश) गळला तर मशीन अलार्म न देता साधा टॅपिंग मोड धरतं, स्पिंडल आणि झेड एकमेकांना बांधलेले राहत नाहीत. रिजिड होल्डरमध्ये टॅप लगेच जातो.

टॅपचा क्रमही बदलला. बोअर फिनिश झाल्यावर टॅप मारला की भुकटी नव्या बोअरमध्ये पडते, आणि भोक ते बोअर भिंत ६.५ मिमीचीच आहे. आता ड्रिल-टॅप आधी, एअर ब्लो, मग फाइन बोअरिंग सगळ्यात शेवटी.

दोन टॅप १३०० रुपये. अडकलेले तुकडे बाहेरच्या स्पार्क मशीनवर काढून घेतले, त्याचे ८००. जॉब वाचले.

१४ डिसेंबर. सकाळचे नग

सकाळच्या पहिल्या तीन-चार नगांची खांद्याची खोली ०.०३ ने वेगळी येत होती, साडेनऊनंतर आपोआप जागेवर. थंडीत शॉप सकाळी १६-१७ अंशांवर असतं, दुपारी ३० च्या वर. स्पिंडल आणि बॉलस्क्रू गरम होतात तसे लांबतात. स्टीलचा ५०० मिमीचा स्क्रू ५ अंशांनी गरम झाला तर जवळपास ०.०३ वाढतो.

१५ मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम लावला: एस५००, १५००, ३०००, ५००० असे टप्पे, सोबत तिन्ही अक्ष पूर्ण लांबी फिरतात. शिफ्टच्या आधी सुरू करायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर ५ मिनिटं.

मापाचाही प्रश्न होता. मशीनवरून उतरलेला जॉब ३८ अंशांचा, कपाटातली मास्टर रिंग २२ ची. ६२ च्या बिडाच्या बोअरला १६ अंशांत साधारण ०.०१० चा फरक पडतो. म्हणजे गरम जॉब ६२.०२५ दाखवतो तेव्हा तो खरा ६२.०१५ असतो. रिंग आता मशीनशेजारच्या टेबलवर राहते, आणि जॉब बिडाच्या सरफेस प्लेटवर २० मिनिटं ठेवून मगच नोंद होते. तातडीने माप हवं असेल तर गरम माप वेगळ्या रकान्यात लिहायचं, दोन्ही एकत्र करायची नाहीत.

त्याच दुपारी एक बोअर अचानक ६२.०४१. आधीचा आणि नंतरचा दोन्ही बरोबर. स्पिंडल टेपर पुसल्यावर बोटाला बारीक चुरा लागला. होल्डर आणि टेपरमध्ये एक कण आला की टिप बाहेर फेकली जाते. टूल बदलताना टेपरमधून येणारा एअर ब्लो कमी होता, रेग्युलेटर ४ बारवर उतरला होता. ६ वर आणला, टेपर वायपरने पुसून मँड्रेल (तपासणीची सरळ दांडी) लावून डायल फिरवला: तोंडाशी ०.००४, ३०० मिमीवर ०.०१२. टेपर ठीक आहे.

१७ डिसेंबर. कूलंट

ड्रिल आणि टॅपला कूलंट लागतं. टाकी गाळाने अर्धी भरली होती, पंप हवा ओढत होता. रिफ्रॅक्टोमीटरवर ३ टक्के. एवढ्या पातळ कूलंटने फिनिश बोअरवर रात्रीत तांबूस गंज येतो, आणि १८ तारखेला पाठवायच्या नगांवर तो आलाच. ६ टक्क्यांवर आणलं. पाणी आधी, तेल नंतर, ढवळत. तेलात पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. गंजलेले १४ नग बारीक नायलॉन पॅडने पुसून पुन्हा मापून पाठवले, त्यांना गंजरोधक तेल लावलं. रिटर्न लाइनला चुंबकाची पट्टी टाकली, बिडाचा चुरा बराचसा तिलाच चिकटतो.

१८ डिसेंबर

अलार्म ३०७, एपीसी बॅटरी (अक्षांची जागा लक्षात ठेवणारी) कमी. मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलली. बंद करून काढली असती तर ३०० येऊन सगळ्या अक्षांचा शून्य पुन्हा बसवावा लागला असता, आणि त्याबरोबर जी५४, जी५५ आणि सगळी टूल लांबी पुन्हा तपासावी लागली असती. नवीन बॅटरीची तारीख मार्करने पॅनेलच्या दारावर आतून लिहिली.

२० डिसेंबर. सायकल टाइम

एम०० धरून दर नगाला ११ मिनिटं ४० सेकंद लागत होते. कुठे किती कमी झालं:

रिकाम्या टी०३ च्या जागी दोन धारांचा रफ बोअरिंग बार, ६१.५ एका पासमध्ये. टी०२ चं गोल फिरणं फक्त खांद्याच्या तळापुरतं उरलं. दीड मिनिट कमी.

बऱ्या कास्टिंगचा फेस एकाच पासमध्ये, ५० सेकंद. ज्यांचा अलाउन्स ३.५ च्या वर आहे त्यांना ब्लॉक स्किपची जास्तीची ओळ ठेवली, ऑपरेटर ब्लॉक स्किपचा स्विच बंद करून ती चालू करतो.

जी९८ च्या जागी जी९९ (भोकानंतर टूल आर पातळीपर्यंतच वर येतं) आणि आर ५० च्या जागी ३ ते ५. क्लॅम्प ओलांडताना मात्र वेगळी झेड हालचाल लिहिली आहे. जी९९ ने क्लॅम्पवरून जायचा प्रयत्न केला की ड्रिल मोडतं. ३५ सेकंद.

एक टूल दोन्ही नगांवर चालवून मगच बदलायचं: टी०१ जी५४ वर, मग जी५५ वर, मग टी०२. टूल बदल निम्मे. २५ सेकंद.

एकूण ८ मिनिटं २० सेकंद. फाइन बोअरिंगच्या फीडला हात लावलेला नाही. ०.०८ वरून ०.१२ केली तर ६ सेकंदांच्या आसपास वाचतात, पण खरबरीतपणा वाढतो आणि बेअरिंग बसवताना टोकं दबून फिट सैल होतो.

२३ डिसेंबर. चालू उत्पादन

मशीनजवळ लावलेली सूचना अशी: दर पाचव्या नगाला बोअर गार करून मापायचा. ६२.०१० ते ६२.०२२ मध्ये असेल तर काही करायचं नाही. लागोपाठ दोन नग एकाच बाजूला बाहेर गेले तरच हेड हलवायचं, तेही फरकाच्या निम्म्याने. एकच नग बाहेर गेला तर हेडला हात न लावता टेपर, क्लॅम्प आणि पॅड पुसून पुढचा नग मापायचा. फाइन बोअरिंगचा इन्सर्ट ६० नगांना बदलायचा, बदलल्यावरचा पहिला नग ६१.९ वर चाचणी करून मग माप आणायचं.

आत्तापर्यंत १८६ नग पूर्ण, रिजेक्ट ७. त्यातले ५ दहा तारखेपर्यंतचे, एक टेपरमधल्या चुऱ्याचा, एक ब्लो होलचा (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीचा), जो फाइन बोअरिंगच्या पासमध्येच उघडा पडला. बाकीच्या कास्टिंगची पुढची हीट गुरुवारी यायची आहे. तिचे पहिले पाच नग कोपऱ्याचा हार्डनेस मापूनच फिक्श्चरवर चढतील.